दोन दिवसांसाठी मुंबईत येतोय, दादरला उतरणार आहे. मासळीची चांगली थाळी कुठे मिळेल? सोबत आई शाकाहारी आहे.

नावं आधी सांगून टाकतो. दादर पश्चिमेला सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य. वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक. फोर्टात काम असेल तर प्रदीप गोमांतक. यातलं कुठलंही धरा, फसणार नाही. पण असं विचारलं की जो तो पापलेट थाळी सुचवतो, आणि ते मला अजिबात पटत नाही. पापलेट बर्फात आठवडा काढलं तरी तळल्यावर बरं लागतं. मांस घट्ट, वास कमी, त्यामुळे शिळेपण लपतं. पापलेट खाऊन खानावळीची परीक्षा होत नाही. ती बोंबलावर होते.

बोंबलाच्या अंगात पाणीच पाणी. जास्त वेळ बर्फात राहिला की बाहेर काढल्यावर त्याचा लगदा होतो, म्हणून तो ताजाच लागतो आणि स्वयंपाकघरात त्याच्यावर मेहनतही करावी लागते. डोकं, शेपटी, पर काढायचे, पोटाकडून उभा चिरून पसरायचा, मधला काटा काढायचा. मीठ लावून दोन फडक्यांच्या मध्ये ठेवायचा आणि वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. निदान तासभर. खालचं फडकं ओलंचिंब झालं म्हणजे काम झालं. मग हळद, तिखट, लसूण आणि थोडं आगळ (कोकमाचा अर्क) चोळून तांदळाच्या पिठात जरासा रवा मिसळून घोळवायचा आणि तव्यावर, कढईत नाही, मध्यम आचेवर एकेक बाजू चार-पाच मिनिटं. कड सोनेरी दिसायच्या आत उलटला की मोडतो.

गर्दीच्या वेळी यातली पहिली गोष्ट वगळली जाते ती दाबणं. मग पाणी सुटू नये म्हणून रव्याचा जाड थर देतात आणि भरपूर तेलात सोडतात. ओळखायचं कसं? तळलेला बोंबील एका टोकाला धरून उचला. नीट दाबलेला सरळ राहतो. न दाबलेला मधून लोंबतो आणि ताटलीत खाली ओला डाग दिसतो. मोडलात तर रव्याची खोळ एका बाजूला आणि आतला गर दुसऱ्या बाजूला, असं वेगळं होतं. चांगल्या बोंबलाचं कवच गराला चिकटून येतं, आत साईसारखं पांढरं मऊ असतं. म्हणून थाळी सांगायच्या आधी एक प्लेट बोंबील मागवा. तो जमला असेल तर बाकीचं डोळे मिटून सांगा. नसेल जमला, तर तेवढ्यावर बिल देऊन उठा, दादरला पुढची खानावळ फार लांब नसते.

दुसरी परीक्षा आमटीची. पाटीवर ‘मालवणी’ लिहायला कोणाला काही लागत नाही. मालवणी वाटणात कांदा-खोबरं भाजून घेतात आणि मालवणी मसाला पडतो, रंग तपकिरी लाल. गोमंतकी हुमणात, म्हणजे तिकडच्या मासळीच्या आमटीत, ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद कच्चंच वाटतात, रंग केशरी, चव हलकी. बांगड्याच्या हुमणात तिरफळं हवीतच (मसाल्याची उग्र वासाची छोटी फळं, ठेचून घातलेली असतात, चावायची नाहीत, बाजूला काढायची), आंबटपणा कोकमाचा. आता बांगड्याची आणि सुरमईची अशा दोन वाट्या मागवा. दोन्हींचा रस्सा तंतोतंत एक लागला तर समजा, मागे एकच पातेलं आहे आणि तुकडा ऐनवेळी त्यात टाकलाय. असा तुकडा आतून आळणी लागतो, कारण मासळीने रश्शात उकळी खाल्लेलीच नसते.

सोलकढीचा रंग फिका गुलाबी हवा. भडक राणी रंग दिसला तर त्यात बीट किंवा रंग आहे. नारळाचं दूध तासा-दोन तासांत फुटायला लागतं, म्हणून वाटीत वर दाणेदार थर आणि खाली पाणी दिसलं तर ती सकाळची. बदलून मागा, चांगल्या ठिकाणी बदलून देतात.

रावस सांगताना कातडीसकट तुकडा मागा. सोललेला, बिनकाट्याचा पांढरा तुकडा नेमका कुठल्या माशाचा, ते ताटात ओळखता येत नाही. पापलेट, जिताडा, खेकडा ‘बाजारभावाप्रमाणे’ असतो, दर आधी विचारा. आणि पोळीच्या भरीला पडू नका. तांदळाची भाकरी नाहीतर भात. वडे कोंबडीबरोबर.

वेळ मात्र पाळा. मासळी पहाटे भाऊच्या धक्क्यावर आणि ससून डॉकला उतरते, खानावळीत सकाळी पोचते. सव्वाबारा ते एक ही खरी वेळ. रात्रीच्या थाळीत बहुतेक वेळा सकाळचीच मासळी असते. रविवारी दुपारी दोनला जाणं सगळ्यात वाईट, तेव्हा रांगही आणि न दाबलेला बोंबीलही. बुधवार किंवा शुक्रवार साधा. सोमवार-गुरुवारी बरेच लोक मासे खात नाहीत, खप कमी, त्यामुळे माल उरतो.

माझा मेव्हणा म्हणतो की पाहुण्याला पापलेटच खाऊ घालावं, बोंबील काय रोजचाच. वीस वर्षं हाच वाद चाललाय. माझं म्हणणं, रोजचं जिथे नीट होतं तिथेच खास नीट होतं. पापलेट वाईट असं नाही. तळहाताएवढं, अख्खं, आत हिरवी चटणी भरलेलं मिळालं तर जरूर खा. फक्त त्यावरून खानावळ जोखू नका. आणि काट्यांची सवय नसेल तर बांगड्याऐवजी सुरमईचा मधला तुकडा सांगा.

आईंना मासळीच्या खानावळीत शाकाहारी थाळी घ्यायला लावू नका. तवा तोच, तेल तेच, वास येणारच. त्यांना शिवसेना भवनासमोर आस्वादमध्ये थालीपीठ आणि कोथिंबीर वडी, किंवा प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. स्टेशनजवळ हवं असेल तर मामा काणे, 1910 पासूनचं, तिथला बटाटा वडा.

कुठल्या महिन्यात येताय ते लिहिलं नाहीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. तेव्हा येणार असाल तर वरचं बरंचसं सोडून द्या. त्या दिवसांत पाटीवरची सुरमई बहुतेक शीतगृहातली. सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी, सोड्यांची (सोलून सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी मागा. हे पदार्थ मुळात त्याच दिवसांसाठी आहेत.