बर्फात सायकल बंद ठेवू का?

प्रश्न: ऑफिस ८ किलोमीटरवर आहे, रोज सायकलनेच जाते, पण आता बर्फ पडायला लागलाय आणि परवा वळणावर दणकन आपटले. हिवाळाभर सायकल ठेवूनच देऊ का?

उत्तर: अजिबात नको हो! लागलं नाही ना फार? आधी टायर बदला, बारीक खिळे बसवलेले स्टडेड टायर मिळतात, दोन्ही जमत नसतील तर निदान पुढचा तरी घ्याच, कारण मागचं चाक घसरलं तर माणूस बऱ्याचदा सावरतो पण पुढचं घसरलं की थेट जमिनीवर. आणि खरी भीती ताज्या भुसभुशीत बर्फाची नाहीच, दिवसा वितळून रात्री परत गोठतो ना, त्या काचेसारख्या पातळ थराची आहे, तो दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. पुलावर तर जास्तच, तिथे खालूनही गार हवा लागते. अशा जागी ब्रेक नको, हँडल वळवणं नको, हळूहळू पेडल मारत सरळ निघून जायचं.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ना, ते मीठ चेन खातं. माझी एक चेन एकाच हिवाळ्यात गंजून लाल झाली होती, तेव्हापासून घरी आल्या आल्या फडक्याने पुसते आणि थेंब थेंब तेल सोडते.

कपडे कमीच घाला, निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, १० मिनिटांत अंग तापतं. हातमोजे मात्र जाडच हवेत, बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबणार कसा?

फिनलंडमधल्या ओउलूमध्ये तर शाळकरी पोरं भर बर्फात सायकलने शाळेत जातात!