पदवी आधी की कॅमेरा आधी?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली असून तिला चित्रपटनिर्मिती शिकायची आहे. तिला लगेच पुण्याला पाठवावे की सांगलीतच पदवी करू द्यावी? – एक पालक, सांगली

उत्तर : पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील दिग्दर्शन, छायांकन, संकलन व ध्वनी या विषयांच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी लागते, तेथेच जायचे असेल, तर पदवी टाळता येणार नाही. ती सांगलीत घेण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. मात्र पदवीची ही तीन वर्षे तिने हातात कॅमेरा घेऊन काढावीत, हे मी आग्रहाने सांगेन. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यावर, रीतसर परवानगी घेऊन, तिने पाच मिनिटांचा माहितीपट करावा. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने गोदामातील ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. सेकंदाला 25 फ्रेम (म्हणजे चित्रे) आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, 1/50 सेकंद ठेवला की ते थांबते, हे स्वतः चुकून शिकलेले ती कधी विसरणार नाही. आवाजाकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण नवख्यांचे चित्र बरे असते, पण पंख्याच्या घरघरीत बोलणाऱ्याचा शब्द हरवतो. म्हणून माइक तोंडाजवळ हवा आणि त्या जागेची अर्धा मिनिट शांतताही वेगळी ध्वनिमुद्रित करावी, संकलनात ती दोन तुकड्यांमधील जोड झाकायला उपयोगी पडते. खासगी संस्थेचा विचार असल्यास, शुल्क भरण्यापूर्वी तेथील विद्यार्थ्यांनी केलेले लघुपट तिच्यासोबत बसून अवश्य पाहावेत.