देणगीचा फोन आला, आता काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : एका सामाजिक संस्थेच्या नावाने गेले काही दिवस फोन येत आहेत. लहान मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मदत हवी आहे, असे सांगतात. मी चौकशी केल्यावर व्हॉट्सॲपवर ८०जी प्रमाणपत्राचा (देणगीवर करसवलत मिळते असे सांगणाऱ्या) फोटो आणि क्यूआर कोड पाठवला. एवढ्यावर विश्वास ठेवावा का? (वाचक, नाशिक)

नाही. फोटो कुणालाही मिळतो. खऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र तिच्याच संकेतस्थळावरून उचलायचे आणि त्याखाली स्वतःचा क्यूआर कोड जोडायचा, हा यातला नेहमीचा प्रकार आहे. त्यामुळे कागद खरा आहे का, याच्याइतकेच पैसे कुणाच्या खात्यात चालले आहेत हेही तपासावे लागते.

आधी कागद पाहा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांकात ‘ई’ किंवा ‘एफ’ असे अक्षर, पुढे आकडा आणि जिल्ह्याचे नाव असते. संस्था नोंदणी कायद्याखालची असेल तर ‘महाराष्ट्र / आकडा / जिल्हा’ असा आणखी एक क्रमांक असतो. फोन करणाऱ्याकडून हा क्रमांक मागून घ्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. नाव, पत्ता आणि जिल्हा तिन्ही जुळले पाहिजेत. नावात एखादाच शब्द वेगळा असेल (‘सेवा प्रतिष्ठान’च्या जागी ‘सेवा फाउंडेशन’) तर ती दुसरीच संस्था समजा.

नंतर ८०जीचा क्रमांक. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या संस्थांनाही ही मान्यता नव्याने घ्यावी लागली आणि आता ती ठरावीक मुदतीची असते. म्हणून २००९ किंवा २०१२ सालचे ‘कायमस्वरूपी’ लिहिलेले पत्र कुणी दाखवत असेल, तर एकट्या त्या पत्राला आज अर्थ नाही. नव्या क्रमांकाची सुरुवातच संस्थेच्या पॅनने होते. त्या पॅनचे चौथे अक्षर नीट पाहा. न्यासाचे असेल तर ‘टी’, कंपनीचे असेल तर ‘सी’, व्यक्तिसमूहाचे असेल तर ‘ए’. तिथे ‘पी’ दिसला तर तो एका माणसाचा वैयक्तिक पॅन आहे आणि तिथेच विषय संपतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर सवलतपात्र संस्थांची यादी आहे, तिच्याशीही पॅन ताडून घ्या.

‘दर्पण’वरची नोंद पुष्कळजण दाखवतात. नीती आयोगाच्या या पोर्टलवर संस्था स्वतःची माहिती स्वतः भरते. संस्था अस्तित्वात आहे एवढे त्यावरून कळते. सरकारने तिचे काम तपासून शिक्का मारला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

शेवटी खाते. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी ॲपवर बँकेत नोंदलेले नाव दिसते. ते संस्थेचे हवे. खजिनदाराचे, ‘सरांचे’, समन्वयकाचे नाव चालणार नाही, मग कारण काहीही सांगोत. एका अक्षराच्या फरकाने काय होते ते मार्च २०२० मध्ये दिसले. ‘पीएम केअर्स’ निधी जाहीर होताच मूळ यूपीआय आयडीतला ‘केअर्स’चा शेवटचा ‘एस’ गाळून बनावट आयडी तयार झाला आणि तो सगळीकडे फिरला. म्हणून आयडी किंवा क्यूआर समोरच्याने पाठवलेला वापरू नका. संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्या कार्यालयात फोन करून घ्या. कार्यालयाचा क्रमांकही स्वतः शोधलेला हवा, फोन करणाऱ्याने ‘खात्री करून घ्या’ म्हणून दिलेला नको. आलेल्या फोनवर स्क्रीनवर संस्थेचे नाव झळकले तरी त्यावर जाऊ नका, कारण स्क्रीनवरचे नाव आणि क्रमांक दोन्ही बनवता येतात.

हे सगळे जुळले, तरी संस्था चांगले काम करते असे सिद्ध झालेले नसते. नोंदणी असूनही नुसत्या कागदावर चालणाऱ्या संस्था आहेत. म्हणून शेवटच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. त्यात उद्दिष्टांवरचा खर्च आणि पगार-प्रचाराचा खर्च शेजारी ठेवून पाहा. अहवाल मागितल्यावर तो पाठवणारी संस्था आणि आवाज चढवणारी संस्था यांतला फरक सांगावा लागत नाही.

प्रश्न : फोनवरची मुलगी म्हणाली, ‘५,००० रुपये दिले तर ५० टक्के टॅक्समध्ये परत मिळतात.’ हे खरे का? (वाचक, सोलापूर)

नाही. ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. ५,००० रुपयांतले २,५०० करपात्र उत्पन्नातून कमी होतील. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचतील साधारण ५०० रुपये. तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, नव्या प्रणालीत ही वजावट नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी आणि धान्य-कपड्यांसारखी वस्तुरूप देणगी यांना वजावट मिळत नाही.

२०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरायची आणि दात्याला १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचे, अशी जबाबदारी संस्थेवर आली. म्हणून देणगी देतानाच विचारा, ‘१०बीई कधी मिळेल?’ खऱ्या संस्थेतल्या माणसाला हा शब्द माहीत असतो. तो तुमचा पॅनही विचारेल, आणि त्यात वावगे काही नाही. ओटीपी, कार्डाच्या मागचे तीन आकडे किंवा पिन मात्र कोणत्याही संस्थेला लागत नाही.

प्रश्न : आईने फोनवर एकदाच ५०० रुपये देतो म्हटले. आता दर महिन्याला तेवढे पैसे कापले जातात. ही फसवणूक आहे का? (वाचक, कोल्हापूर)

संस्था खरी असू शकते. अनेक मोठ्या संस्था निधी गोळा करायला बाहेरच्या एजन्सी नेमतात आणि एजन्सीला एकरकमी देणगीपेक्षा मासिक देणगीदार हवा असतो. लिंकवर पिन किंवा ओटीपी टाकला त्या क्षणी आईंनी ‘मॅन्डेट’, म्हणजे खात्यातून दर महिन्याला पैसे कापायची परवानगी, मंजूर केले असणार. वयस्कर माणसाला हे स्पष्ट न सांगता करून घेणे चूकच आहे आणि संस्थेला ते लेखी कळवायला हवे.

थांबवण्यासाठी संस्थेच्या परवानगीची गरज नाही. यूपीआयवरून असेल तर ॲपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात ते मॅन्डेट उघडा आणि रद्द करा. पिन मागितला जाईल. बँक खात्यावरून थेट असेल तर नेटबँकिंगमध्ये किंवा शाखेत अर्ज देऊन रद्द करता येते. पासबुकातल्या नोंदीवरून शाखेला ते सापडते. कार्डावरून असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे. यूपीआय आणि कार्डावरच्या अशा कपातीआधी २४ तास सूचना येते, पण आईंचे मेसेज कुणी वाचतच नसेल तर ती वाया जाते.

यापुढे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा : ‘तुम्ही संस्थेचे कर्मचारी की एजन्सीचे?’ एजन्सी असणे गैर नाही, लपवणे गैर आहे.

प्रश्न : रुग्णाचा नातेवाईकच फोन करतो, रिपोर्टही पाठवतो. मदत करावीशी वाटते, पण धीर होत नाही. (वाचक, ठाणे)

मग पैसे नातेवाइकाकडे देऊ नका, रुग्णालयाकडे द्या. रुग्णाचे नाव आणि आंतररुग्ण क्रमांक विचारा. रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधून बिलिंग विभागाला फोन करा. रुग्ण दाखल आहे का आणि त्याच्या बिलात बाहेरून रक्कम भरता येईल का, एवढेच विचारा. आजाराचा तपशील ते सांगणार नाहीत आणि तो तुम्हाला लागतही नाही. रक्कम रुग्णालयाच्या खात्यात त्या क्रमांकावर जमा करा आणि पावती घ्या. ‘हॉस्पिटल ऑनलाइन घेत नाही, माझ्याच नंबरवर टाका’ असे उत्तर आले की थांबा.

आणखी एक उपयोगी गोष्ट त्या कुटुंबाला सांगा. महाराष्ट्रात न्यासाच्या रुग्णालयांना धर्मादाय कायद्याच्या कलम ४१एए खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून उत्पन्नाचा दाखला दाखवला तर तुमच्या देणगीपेक्षा कितीतरी मोठी मदत होऊ शकते.

अनाथाश्रमाच्या नावाने मुलांचे फोटो आणि नावे पाठवणाऱ्यांपासून मात्र दूरच राहा. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ मनाई करतो.

प्रश्न : नाही म्हणायला जड जाते. काय बोलावे? (वाचक, सातारा)

‘मी फोनवर देणगी देत नाही. माहिती लेखी पाठवा, मी बघून ठरवीन.’ एवढे म्हणून फोन ठेवा. कारण देऊ नका. कारण दिले की त्यावर उत्तर तयारच असते. ‘आज संध्याकाळपर्यंतच’ असे कुणी म्हटले तर ते नकारासाठी पुरेसे समजा. चांगल्या संस्थेला तुमचे पैसे उद्याही चालतात.

१४० ने सुरू होणारे प्रचाराचे फोन कमी करायचे तर १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून पुढे ० असा मेसेज पाठवा. साध्या दहा आकडी क्रमांकावरून येणारे फोन त्याने पूर्ण थांबणार नाहीत. संशयास्पद फोनची तक्रार दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत करता येते.

प्रश्न : पैसे पाठवून झाले आणि नंतर संस्था खोटी निघाली. (वाचक, नागपूर)

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते, आणि ते तासाभरात चार-पाच खात्यांत फिरू शकतात. हाताशी हवे : तुमचे खाते, रक्कम, वेळ, व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, ज्याला पैसे गेले तो आयडी आणि फोन नंबर. चॅट पुसू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार आणि बँकेलाही कळवणे. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांची जबाबदारी बँक सहसा घेत नाही, म्हणून बँकेच्या उत्तराची वाट पाहत १९३० पुढे ढकलू नका.

तुमची स्क्रीन त्यांना दाखवणारे एखादे ॲप किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल त्यांनी टाकायला लावली असेल तर फोनचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खाते थांबवा आणि पासवर्ड बदला.

काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येईल. तुमचा नंबर त्याच टोळीने पुढे दिलेला असू शकतो. पोलीस किंवा बँक अशी फी घेत नाहीत. तो क्रमांकही तुमच्या मूळ तक्रारीत जोडा.