मिशन इम्पॉसिबल चित्रपटांत तुम्हाला सर्वांत जास्त हसू कशाला आलं?

बिघडलेल्या सामानाला.

एवढ्या जिवावरच्या प्रसंगांत विनोद घुसडल्यासारखे वाटत नाहीत का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. हेरांच्या टोळीतल्या तंत्रज्ञ बेंजीची (सायमन पेग) बडबड कधीकधी वाटते तशी, मान्य. पण मी हसतो ते संवादांना नाही. करोडोंचं यंत्र ऐन वेळी मान टाकतं आणि टॉम क्रूझचा ईथन हंट चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता त्याच्याकडे बघतो, तेव्हा माझी हसून पुरेवाट होते. या बाबतीत चौथ्या भागाला, म्हणजे २०११ च्या 'घोस्ट प्रोटोकॉल'ला तोड नाही.

तो मी पहिल्यांदा पाहिला गणपतीत, मालवणजवळच्या आमच्या घरी, टीव्हीवर हिंदीत डब केलेला. भजनी मंडळी उसळ खाऊन गेली होती, चाकरमानी खळ्यात पत्ते कुटत होते. पडवीत आम्ही पोरंटोरं आणि आमच्याकडे नारळ पाडायला येणारे तात्या. बुर्ज खलिफाचा प्रसंग लागला. ८२८ मीटरची इमारत, बाहेरून काचेवर चढायचं, आणि हातात काय, तर चिकटणारे हातमोजे. निळा दिवा असला की चिकटतात, लाल झाला की संपलं. क्रूझ त्या इमारतीवर खरोखर लटकला होता हे मी तात्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं, जणू मीच दोरी धरली होती. तात्यांनी तंबाखू मळता मळता एकदाच वर बघितलं.

"ह्यो सगळो भार हातार घालता. पाय बघ खंय आसत तेचे. पडतलो ह्यो."

तीस-चाळीस वर्षं पायाला काथ्याचा फास लावून माडावर चढणारा माणूस, त्याचं बरोबरच होतं. माडावर भार पायांवर असतो, हात फक्त मिठी मारतात. पुढच्याच मिनिटाला एका हातमोज्याचा दिवा लाल झाला आणि पडवीत जो काही हशा उसळला! तात्या एवढंच म्हणाले, "सांगलंय मां?" आणि परत तंबाखूकडे वळले. त्यानंतर तो प्रसंग मी कधीच गंभीरपणे बघू शकलो नाही. प्रत्येक वेळी आधी पाय बघतो.

त्याच सिनेमात मुखवटे बनवणारं यंत्र ऐन कामाच्या वेळी बंद पडतं आणि सगळ्यांना आपापली तोंडं घेऊन शत्रूसमोर बसावं लागतं. मॉस्कोच्या टेलिफोनवर आलेला निरोप ठरल्याप्रमाणे पेटून नष्ट होत नाही, तर ईथन मागे येऊन त्या डब्याला एक दणका घालतो, तेव्हा कुठे धूर निघतो. आमच्याकडच्या पाण्याच्या पंपालाही हीच ट्रीटमेंट लागते. क्रेमलिनमधला पडदा तर कळसच. कॉरिडॉरमध्ये एक मोठा पडदा उभा करायचा, त्यावर रिकाम्या कॉरिडॉरचं चित्र, आणि त्याच्या आडून ईथन आणि बेंजी हळूहळू पुढे सरकणार. चित्र पहारेकऱ्याच्या डोळ्यांचा माग ठेवून बदलतं. एक माणूस बघतोय तोवर सगळं बेस. आणखी माणसं येतात आणि पडद्याला कळेनासं होतं की कुणाच्या डोळ्यांसाठी दाखवायचं. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड ॲनिमेशनमधून आलेला, माणसांना घेऊन केलेला हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्यामुळे गंमत डोळ्यांनीच कळते. डबिंग कितीही भिकार असलं तरी तिचं काही बिघडत नाही.

नकळत झालेला विनोद हवा असेल तर दुसरा भाग, २००० सालचा. त्यात दोघेजण भरधाव मोटारसायकलींवरून उडी मारून हवेत एकमेकांवर आदळतात, आणि आपण हे गंभीरपणे घ्यावं अशी अपेक्षा असते. पण माझा लाडका प्रसंग मुखवट्याचा. खलनायक ॲम्ब्रोज ईथन समजून ज्याला गोळ्या घालतो तो निघतो त्याचाच उजवा हात, स्टॅम्प, ईथनचा मुखवटा चढवलेला आणि तोंड बंद केलेला. ॲम्ब्रोजला हे कळतं कशावरून? करंगळीवरून. ती त्यानेच आधी सिगारच्या कात्रीने कापलेली असते.

आता आमच्या जत्रेतला दशावतार बघितलेला माणूस हे कसं पचवणार? संकासुर काळ्या कपड्यात येतो, चेहरा पूर्ण झाकलेला, तरी पहिल्या रांगेतलं शेंबडं पोरही चालीवरून सांगतं की आत कोण आहे. आणि हा ॲम्ब्रोज, जागतिक दर्जाचा हेर, त्याला आपल्याच बरोबरच्या माणसाची उंची ओळखू येत नाही, खांदे ओळखू येत नाहीत! (दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी रचतात. लाईट गेली, तलवार वाकली, तर राजा त्यावरच एक वाक्य टाकून टाळी घेतो. चौथ्या भागापासून ईथनची मंडळी साधारण हेच करायला लागली, असं माझं मत आहे. दुसऱ्या भागात वाकलेली तलवार सरळच आहे असं दाखवायचा आटापिटा होता.)

पाचव्या भागातला (२०१५) एक छोटा क्षण सांगतोच. ईथन पाण्यात बुडून जवळजवळ मेलेला, नुकताच शुद्धीवर आलाय, आणि सवयीने ऐटीत गाडीच्या बॉनेटवरून पलीकडे जायला जातो. धप्पकन आपटतो. बस, दोन सेकंद.

आणि २०१८ चा 'फॉलआउट'. लंडनमध्ये बेंजी नकाशा बघून कानात सांगतोय, इकडे वळ, सरळ जा, आणि ईथन कितीतरी मजले वर, समोर खिडकी. बेंजीच्या स्क्रीनवर नकाशा सपाट लावलेला, मजलेबिजले त्यात नाहीतच. ईथन बिचारा उडी मारतो. हे मला अजिबात अतिशयोक्त वाटलं नाही. आमच्या पाणंदीत दर मे महिन्यात एक तरी गाडी अशीच येऊन अडकते. गेल्या वर्षीचे गृहस्थ पुण्याचे होते. फोनमधली बाई अजून शांतपणे उजवीकडे वळायला सांगत होती, आणि उजवीकडे आमचा गडगा. गाडी रिव्हर्स घ्यायला शेवटी तात्यांनाच बोलवावं लागलं.