व्याजस्तुतीत पैसे नसतात

राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाच्या इंग्रजीच्या क्लासच्या नोट्समध्ये 'आयरनी'समोर 'उपरोध' लिहिलंय, 'सार्कॅझम'समोरही 'उपरोध'च. एका गाइडात आयरनीला 'व्याजोक्ती' म्हटलंय. खरं काय?

सार्कॅझम आधी उरकतो. ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस. त्यावरून मांस तोडण्याचं क्रियापद आणि त्यावरून हा शब्द. आपण लचके तोडणं म्हणतो, तेच. तांबडा रस्सा पाणचट झाला आणि जाऊबाई म्हणाल्या, "पंचगंगेवरनं आणलासा काय?" तर तो सार्कॅझम. "अगं आई, काय झणझणीत!" म्हणाल्या तर आयरनी. दुसरं वाक्य तोंड वाकडं करून म्हटलं तर दोन्ही. आणि पोहायला शिकवणाऱ्यालाच रंकाळ्यातून बाहेर ओढावं लागलं, तर तीही आयरनीच. तिथं 'उपरोध' बसत नाही, 'दैवदुर्विलास' बसतो. मात्र "आयरॉनिकली बिंदू चौकात मित्र भेटला" असं जे हल्ली सारखं कानावर येतं, तो निव्वळ योगायोग आहे. कृपा करून थांबवा.

आता मूळ गंमत. ग्रीक प्रहसनांत 'आयरॉन' नावाचं एक ठरलेलं पात्र असे. कळत असून न कळल्यासारखं करायचं आणि बढाईखोराची जिरवायची, हे त्याचं काम. वेड पांघरून पेडगावला जाणारा गडी! म्हणजे आयरनीच्या मुळाशी सोंग आहे, आणि संस्कृतात सोंगाला शब्द आहे 'व्याज'. म्हणून व्याजस्तुती: वरून स्तुती, आतून निंदा, किंवा उलट. 'निर्व्याज प्रेम' म्हणजे सोंग नसलेलं प्रेम. 'निर्व्याज कर्ज' अशी पाटी मी स्वतः वाचली आहे. लिहिणाऱ्याला 'बिनव्याजी' म्हणायचं होतं.

गाइडवाल्यांनी 'व्याज' एवढंच पाहिलं आणि 'व्याजोक्ती' चिकटवून मोकळे झाले. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथातलं उदाहरण तरी वाचायचं! लग्नात पार्वतीचा हात हाती येताच शंकराच्या अंगावर काटा येतो, आणि तो म्हणतो, अहाहा, हिमालयाचे हात किती गार! उघडं पडलेलं गुपित सबबीखाली झाकणं, ही व्याजोक्ती. ही आयरनी कुठल्या हिशेबानं?

'व्याज' आलं कुठून? जुने संस्कृत कोशकार 'अज्' म्हणजे जाणे या धातूकडे बोट दाखवतात: खऱ्या व्यवहारापासून दूर जाणं. मला हे ओढूनताणून वाटतं. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स 'वि' + 'अंज्' म्हणजे माखणे असं धरतो, आणि मी त्याच्या बाजूचा. अंजन त्यातलंच. व्यक्त, व्यंजन, व्यंजना हीसुद्धा त्याच घरची. लेप दिला की वस्तू उठून दिसते, तशीच झाकलीही जाते. म्हणून एकाच धातूतून 'व्यक्त' निघालं आणि 'व्याज'ही. सावकाराचं व्याजही मी इथूनच काढतो: मुद्दलाच्या आडून, काहीतरी निमित्त करून घेतलेला पैसा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाण्यांवर शेकडा पाचाची 'व्याजी' आकारलेली आहे, तीही वरकडच. सोंगाचं 'व्याज' आणि सावकाराचं 'व्याज' हे दोन वेगळे शब्द मानणाऱ्यांनी आधी या व्याजीचं काय करायचं ते सांगावं.