आभाळ निरभ्र असले तरी नदी वाढते

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबे मिळून जानेवारीतल्या जोडसुट्टीत कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या काठी दोन रात्री तंबूत राहणार आहोत. बरोबर 7 आणि 10 वर्षांची मुले आहेत. पावसाळा संपलेला असल्याने पाणी वाढण्याची भीती नाही, असे आम्ही धरून चाललो आहोत. कॅम्पसाइट निवडताना आणखी काय पाहावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण जे धरून चालला आहात तिथूनच सुरुवात करतो, कारण कुंडलिकेच्या बाबतीत ते खरे नाही. जानेवारीत या नदीला जे खळाळते पाणी दिसते, ते मुख्यतः घाटमाथ्यावरून आलेले असते. एरवी भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे गेले असते असे मुळा नदीचे पाणी मुळशी धरणात अडवले जाते, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथील वीजगृहात आणले जाते आणि वीज तयार झाल्यावर ते कुंडलिकेच्या वाट्याला येते. ज्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला आणि ज्या लढ्याचे नेतृत्व पुढे सेनापती बापटांनी केले, तेच हे धरण. भिऱ्याचे वीजगृह 1927 मध्ये सुरू झाले. मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या इतर नद्या डबक्यांवर आलेल्या असताना कोलाडला राफ्टिंग चालते, त्याचे कारण हेच आहे. कोयनेचे पाणीही असेच पोफळीच्या वीजगृहातून पुढे वाशिष्ठीत उतरते, तेव्हा चिपळूणच्या बाजूला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

व्यवहारात याचा अर्थ असा की नदी केव्हा वाढणार हे पावसावर अवलंबून नसते, विजेच्या मागणीवर असते. पाणी बहुधा सकाळी सोडले जाते आणि राफ्टिंगच्या वेळाही त्यावरच बेतलेल्या असतात. पण ही वेळ रोज तीच असेल असे नाही. मागणी कमी असली किंवा यंत्रांची दुरुस्ती निघाली, तर वेळ बदलते किंवा पाणी येतच नाही.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही अशाच एका नदीकाठी उतरलो होतो. रात्रीची भांडी घासून काठापासून सात-आठ पावलांवर असलेल्या एका सपाट कातळावर पालथी घातली होती. सकाळी चहा झाल्यावर माझा भाचा त्याच कातळावर पाय सोडून बसला होता. नाश्त्याला हाक मारली म्हणून तो उठून आला. पोहे खाऊन होईपर्यंत कातळ दिसेनासा झाला होता आणि आमचे पातेले बरेच पुढे एका झुडपात अडकले होते. ना लोंढ्याचा आवाज झाला, ना पाणी गढूळ झाले. स्वच्छ, थंडगार पाणी केवळ वर चढत गेले होते. तिथल्या व्यवस्थापकाला ही वेळ ठाऊक होती, मात्र आम्हाला सांगावे असे त्याला वाटले नव्हते. तेव्हापासून कुठल्याही कॅम्पसाइटवर फोन केला की मी भाड्याच्या आधी पाण्याची वेळ विचारतो. उत्तर देताना समोरचा माणूस घुटमळला, तर ती जागा आपल्यासाठी नव्हे.

जागेवर पोहोचल्यावर नदीच आपल्याला खूण दाखवते. कातळांवर एका ठरावीक उंचीपर्यंत काळपट, शेवाळलेला पट्टा असतो. झुडपांच्या फांद्यांत वाळके गवत आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. पाणी कुठवर येते हे त्यावरून कळते. तंबू त्या खुणेच्या बराच वर, शक्यतो काठाच्या उंच भागावर, जिथे करंज किंवा उंबरासारखी जुनी झाडे उभी आहेत तिथे असावा. मात्र वाळक्या फांदीखाली नको. पात्रातली वाळू मऊ आणि सपाट असल्याने तिथेच तंबू लावावा असे मुलांना हमखास वाटेल, परंतु तिथे रात्र काढू नये. नदीच्या मधल्या बेटावर जेवायला जाण्याचा बेत तर आखूच नये, कारण पाणी वाढले की परतीची वाटच राहत नाही.

मुलांना पाण्यात उतरवायचे असेल, तर पाणी सोडण्याच्या वेळा टाळून, गावातल्या माणसाने दाखवलेल्या उथळ जागीच उतरवावे. डोह वरून शांत दिसतो आणि तिथेच घात होतो. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचे हवे. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घातले, तर ते पाण्यात गळ्यापर्यंत वर सरकते आणि मूल खालून निसटते. पोहता येणारी एक मोठी व्यक्ती त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून केवळ मुलांकडे लक्ष देणारी असावी. दोन कुटुंबे एकत्र असली की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे, म्हणून हे काम नाव घेऊन वाटून द्यावे.

थंडीचे म्हणाल, तर नदीकाठी पहाटे दव पडते आणि तंबू बाहेरून भिजतो. आपल्या श्वासाच्या वाफेने तो आतूनही ओला होतो. त्यामुळे तंबूच्या हवेच्या जाळ्या उघड्या ठेवाव्यात आणि प्रत्येकाला एक जास्तीचे पांघरूण घ्यावे. ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी, विझत आलेली असली तरीही, तंबूत नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत आणि त्यांची आमच्याबरोबर नदीकाठी राहायला येण्याची फार इच्छा आहे. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता-उठता येत नाही आणि घरातल्या सर्वांना सापांची धास्ती वाटते. त्यांना न्यावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्यांना अवश्य न्या. कॅम्पसाइटवर खाट मिळेल का, एवढे आधी विचारून घ्या. गुडघ्यांसाठी ती लागेलच आणि आपल्या दुसऱ्या शंकेवरही तोच चांगला उपाय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याची उदाहरणे अनेक आहेत. तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग गिळणे आणि बोलणे अवघड होते. पहाटेच्या अशा दुखण्याला अपचन समजून ओवा देत बसू नये.

तंबूची चेन शेवटपर्यंत लावलेली असावी आणि उरलेले अन्न आत ठेवू नये, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बाहेर काढलेली चपला-बूट झटकूनच पायात घालावेत. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना विजेरी सासूबाईंच्या हातात असू द्या आणि बरोबर एक जण जा. दंश झालाच, तर आवळून बांधणे, चिरणे, विष चोखणे यांपैकी काहीही न करता तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा, 108 वर फोन करावा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. ते रुग्णालय कोणते आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, याची चौकशी घरून निघण्यापूर्वीच करून तो क्रमांक कागदावर लिहून घ्या. दरीत उतरल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.