सायकलबाईंना विचारा : आधी दाते मोजा

प्रश्न : बाई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुनी फिक्सी घेतलीय, पुढे ४८ आणि मागे १६ दाते. स्किड मारून थांबायला जमायला लागलं, तसा मागचा टायर एकाच जागी खरवडून निघाला. तिथे आतले धागे दिसतात, बाकीचा टायर कोरा. दुकानदार म्हणतो, टायरच हलका. दुसरा कुठला घेऊ? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : कुठलाही घे, तो असाच जाणार. टायर बिचारा निर्दोष आहे. ४८ ला १६ नं पूर्ण भाग जातो, हे तुझं दुखणं.

ज्यांना ही सायकल ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फिक्सीला फ्रीव्हील नसतं. मागचा कॉग, म्हणजे दात्यांचं छोटं चक्र, चाकाला पक्का असतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, उतारावर पाय सोडून निवांत बसायची सोय नाही. अंग पुढे झुकवून, पायांनी उलटा जोर लावून मागचं चाक अडवलं की ते फरफटतं. त्याला पोरं स्किड म्हणतात.

आता तुझं गणित. तुझ्या पायडलाच्या एका फेऱ्यात चाक बरोबर ३ फेरे घेतं. स्किड मारताना पायडलं आडवी आणि तुझा आवडता पाय पुढे, ही अवस्था दर वेळी तीच. म्हणजे त्या क्षणी रस्त्याला टेकलेला टायरचा भागही दर वेळी तोच. शाळेतलं अतिसंक्षिप्त रूप आठव (माझ्या वर्गात असतास तर फळ्यावर बोलावलं असतं). ४८/१६ चं होतं ३/१. छेदात जो आकडा उरतो, तितक्या जागी टायर झिजतो. तुझ्या छेदात १ आहे. दुसरा पाय पुढे घेऊनही स्किड मारायला शिकलास तर २ जागा होतील, कारण अंश विषम आहे. तेवढ्यानं काही टायर वाचत नाही.

मागे १७ चा कॉग घाल. ४८/१७ ला कशानंच भाग जात नाही, छेदात १७ उरतात आणि झीज १७ जागी वाटली जाते. बहुतेक वेळा चेन तीच चालते. मागे एक दाता वाढला की चाक खाचेत तीनेक मिलिमीटर पुढे घ्यायचं, एवढंच. चेन मधोमध बोटानं दाबली की सेंटीमीटरभर खालीवर हलली पाहिजे. हे एका जागी बघून सोडू नको, क्रँक पूर्ण फिरवून बघ. चेनव्हील कधीच अगदी गोल नसतं. जिथे चेन सगळ्यात ताठ होते, तिथे ही ढील मिळाली पाहिजे. त्याहून ढिली ठेवलीस तर चालू सायकलवर चेन उतरते आणि चाक जाम होतं. ते तुला नको आहे.

न विचारलेलंही सांगते. २५ मिलिमीटर रुंद टायर घातलेल्या ७०० मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. तुझ्या गिअरला एका फेऱ्यात ६.३ मीटर अंतर जातं. पहाटे मिरज रस्ता मोकळा असताना ठीक. पण संध्याकाळी मारुती रोडला ताशी १८ च्या वर कोण जातं? त्या वेगाला तुझे पाय मिनिटाला जेमतेम ४८ फेरे मारतात, आणि प्रत्येक चौकात शून्यातून उठताना सगळा भार गुडघ्यावर. ४४/१७ वर एका फेऱ्याला ५.४ मीटर जातात. मिनिटाला ८० फेरे मारलेस तरी ताशी २६ होतात. सांगलीला एवढं पुष्कळ झालं की. सपाट गाव आपलं, चढ म्हणजे काय तो रेल्वेचा उड्डाणपूल. मोठा गिअर लावणारा तो मोठा रायडर असं तुम्हा पोरांच्यात मानतात. मानू देत. विशीतलं गुडघं पन्नाशीतही तुझंच असतं.

प्रश्न : माझ्या मुलानं सायकलचे दोन्ही ब्रेक काढून टाकले. म्हणतो, ब्रेक लावला की सायकलची शोभा जाते, आणि खरे रायडर ब्रेक लावतच नाहीत. (मिरज)

उत्तर : ताई, त्याचं अर्धं बोलणं खरं आहे. वेलोड्रोमवर, म्हणजे शर्यतीच्या गोल ट्रॅकवर, ब्रेक नसतोच. तिथे सगळे एकाच दिशेनं जातात, मध्ये रिक्षा थांबत नाही आणि म्हैस आडवी येत नाही. त्याला लक्ष्मी मार्केटमधून जायचंय. पायांनी फक्त मागचं चाक अडतं, आणि थांबताना वजन पुढे गेल्यामुळे त्या चाकाला रस्त्यावर पकड उरत नाही. थांबवण्याचं खरं काम पुढचा ब्रेक करतो. निदान तो एक लावून घ्या. लावेपर्यंत किल्ली तुमच्याकडे.

प्रश्न : साताऱ्यात पोवई नाक्याजवळ राहते. सांगलीच्या मैत्रिणीचं बघून मीही ४६/१७ घेतली. राजवाड्याकडे जाताना दम लागतो आणि परत येताना पाय इतके फिरतात की भीती वाटते. रविवारी यवतेश्वर घाट खुणावतो. कोणता गिअर घेऊ? (सातारा)

उत्तर : मैत्रिणीनं सांगलीचं उत्तर दिलं, तुमचा प्रश्न साताऱ्याचा होता. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतल्या गावात चढ रोजच्या वाटेवरच असतो.

फिक्सीची मेख अशी की चढासाठी गिअर हलका केला की उतार तितकाच महाग पडतो. ४२/१९ लावलंत तर एका फेऱ्याला ४.६ मीटर जातात. राजवाड्याचा चढ बसल्या बसल्या निघेल. पण उतारावर ताशी ३५ चा वेग आला की पाय मिनिटाला १२६ फेरे मारतील. सराव नसेल तर तेवढ्यात सीटवर उडायला होतं, आणि पाय पायडलवरून सुटला तर पायडल पोटरीवर येऊन आदळतं. म्हणून उतार लागायच्या आधीच ब्रेकवर बोट हवं. वेग चढल्यावर आवरू म्हणाल तर उशीर झालेला असतो. तरीही गावासाठी मी ४२/१९ च सांगेन. दोन्ही आकड्यांना एकाच संख्येनं भाग जात नाही, तेव्हा टायरचीही काळजी नको.

घाटाचं वेगळं. तुमच्या मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) दोन्ही बाजूंनी आट्यांचा आहे का बघा. असला तर एका बाजूला फिक्स कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसवून घ्या. वर जाताना फिक्स. माथ्यावर १५ च्या पान्यानं नट ढिले करायचे, चाक काढून उलटं घालायचं आणि फ्रीव्हीलवर उतरायचं. यात कमीपणा काही नाही. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलर (चालत्या सायकलवर गिअर बदलणारा) चालत नव्हता, आणि तिथले रायडरही घाटाच्या पायथ्याशी उतरून असंच चाक फिरवायचे. मात्र फ्रीव्हील लावलं की पाय ब्रेकचं काम करत नाहीत, त्यामुळे पुढे-मागे दोन्ही ब्रेक असल्याशिवाय ही उलटापालट करू नका. आणि कासच्या फुलांच्या दिवसांत रविवार टाळा. त्या गाड्यांच्या रांगेत फिक्स काय आणि फ्रीव्हील काय.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची जुनी २८ इंची काळी सायकल आहे. मिस्त्रीनं फ्रीव्हील वेल्ड करून फिक्स करून दिलं, खर्च नगण्य. चालते झकास. पण मागे जोर दिला की अधूनमधून खट्‌ असा आवाज होऊन पाय मोकळा जातो. वेल्डिंग तुटलं का? (कुपवाड)

उत्तर : ही चिठ्ठी वाचून मी चहा बाजूला ठेवला. सायकल आज बाहेर काढू नका.

वेल्डिंग बहुधा शाबूत आहे. भानगड आट्यांची आहे. फ्रीव्हील हबवर सरळ आट्यांनी बसतं. पुढे पायडल मारलं की ते आवळत जातं, म्हणून इतकी वर्षं त्याला दुसऱ्या कशाची गरज पडली नाही, कारण फ्रीव्हीलला उलटा जोर कधी लागतच नव्हता. आता तुम्ही थांबताना मागे दाबता आणि दर वेळी ते थोडं सुटतं. पाय मोकळा गेला तेव्हा ते आट्यांवर फिरलेलं असतं. एक दिवस ऐन थांबायच्या वेळी पूर्ण सुटेल.

फिक्सच्या हबवर म्हणूनच दोन तऱ्हेचे आटे असतात. कॉगसाठी सरळ, आणि त्याच्या बाहेर जरा लहान व्यासाचे उलटे आटे, कॉग अडवून धरणाऱ्या कड्यासाठी, म्हणजे लॉकरिंगसाठी. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला ढकलतो आणि उलट्या आट्यांमुळे लॉकरिंग आणखी आवळतं. काय सुंदर युक्ती आहे! तुमच्या हबवर ते उलटे आटे नाहीत. कोणी सांगेल, बॉटमचं (क्रँकच्या धुरीचं) लॉकरिंग त्याच आट्यांवर बसतं, ते लावा. बसतं खरं, पण तेही सरळ आट्यांचं, म्हणजे कॉगबरोबर तेही सुटणार. आटे चिकटवायचा गोंद लावा म्हणणारेही भेटतील. गोंदावर जीव टांगू नये.

दोन मार्ग. एक, फिक्सचा हब आणून त्यावर चाक विणून घ्या. तुमच्या रिमला भोकं किती ते आधी मोजा, हब तितक्याच भोकांचा लागेल. दुसरा, साधं फ्रीव्हील परत लावा आणि सळईचे ब्रेक नीट करून घ्या. मला विचाराल तर दुसरा. वडिलांची सायकल आहे, तिची टिकटिक तिला राहू द्या.

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण सकाळी गणपती मंदिरापाशी जमून कधी हरिपूर, कधी अंकलीचा पूल, तर कधी थेट नृसिंहवाडीपर्यंत जातो. वाटेत काय खावं यावर रोज भांडण. एक जण मिसळ म्हणतो, एक जण परदेशी जेलच्या पुड्या आणतो. तुम्ही काय खाता? (सांगली)

उत्तर : या प्रश्नाची मी वाट बघत होते.

जेलच्या पुडीत मुख्यतः साखर असते. बेदाण्यातही साखरच असते, आणि तासगावचा बेदाणा आपल्या दाराशी पिकतो. सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तुमचा मित्र मात्र पुडी फाडतोय! मी मूठभर बेदाणे आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र करून खिशात टाकते. कुठल्या खिशात, तेही महत्त्वाचं. पुढच्या ब्रेकची मूठ ज्या हाताला आहे, तो हात खाण्यात गुंतवायचा नाही. माझा ब्रेक उजव्या हाताला, म्हणून खाऊ डाव्या खिशात. साध्या सायकलवर पाय थांबवून, जरा रेलून खाता येतं. इथे पाय चालूच, त्यामुळे कुरकुरीत आणि कोरडं काही तोंडात टाकलं की ठसका ठरलेला. भडंग याच कारणासाठी वाटेत नको. लसूण-तिखटाचं भडंग घरी आल्यावर, वर कच्चा कांदा चिरून, दोन्ही पाय पाटावर पसरून खायचं.

मिसळवाल्याला सांगा, हरिपूरपर्यंत जायचं असेल तर खुशाल खा. संगमावर जाऊन यायला लागतो किती वेळ? वाडीला जायचं असेल तर परतल्यावर. कट पोटात आणि पाय मिनिटाला ऐंशीनं फिरतायत, हे जमत नाही. लांबच्या दिवशी निघण्याआधी मी एक केळं आणि शिळी भाकरी दुधात कुस्करून घेते. शाळूची असेल तर उत्तम. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, ती जड पडते, पण घरात वाद नको.

वाडी मात्र अवघड जागा आहे. दत्ताचं दर्शन झालं की बासुंदीची दुकानं समोरच, कवठाची बर्फी शेजारी. मी बर्फी बांधून घेते आणि बासुंदी तिथेच पिते, मग घाटाच्या पायऱ्यांवर चांगली तासभर बसते. बासुंदी पिऊन लगेच निघालात तर शिरोळ यायच्या आत पश्चात्ताप होतो, कारण पाय सोडून द्यायला फ्रीव्हील नाही. पौर्णिमेला आणि गुरुवारी गर्दीत सायकल हातात धरूनच चालावं लागतं. ऊन चढलं असेल तर जयसिंगपूरच्या अलीकडे-पलीकडे रसवंती दिसेल तिथे थांबा. उसाचा रस, लिंबू-आलं घालून, बर्फ नको.

गळिताच्या हंगामात एक सांभाळा. ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडकी चाकाखाली आली की बारीक टायर सरकतो. आपल्याला पायडल वर धरून त्यावरून जाता येत नाही. लांबूनच बघायला शिका.

प्रश्न : आम्ही पैसे साठवून फ्रीव्हीलची सायकल घेतली, आता नातू पैसे देऊन फ्रीव्हील काढतो. ही काय नवी टूम? (सांगलीवाडी)

उत्तर : काका, टूम जुनी आहे. आधी सायकली अशाच होत्या, फ्रीव्हील नंतर आलं. जपानात केरिन नावाच्या शर्यती १९४८ पासून चालतात, लोक त्यावर पैसे लावतात, आणि त्या सायकलींना आजही फ्रीव्हील नाही. नातवाला एकदा तुमची सायकल चालवायला द्या आणि तुम्ही त्याची चालवून बघा. आयर्विन पुलावर नको, आधी मैदानात.

प्रश्न : पहाटे एमआयडीसीच्या रस्त्यावर कुत्री मागे लागतात. पूर्वी पाय हँडलवर घेऊन सुटायचो. फिक्सीवर ते जमत नाही. बेदाणे टाकले तर थांबतील का? (कुपवाड)

उत्तर : पळू नका. पळणाऱ्या पोटऱ्या बघूनच त्यांना चेव येतो, आणि तुमच्या पोटऱ्या तर थांबतच नाहीत. वेग कमी करा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्यांच्या मध्ये धरून चालायला लागा. चार पावलांत बहुतेकांचा रस संपतो. हद्द ओलांडली की पुन्हा बसा. रोजचाच रस्ता असेल तर खिशात एखादी शिळी पोळी ठेवा, ओळख होते. बेदाणे मात्र टाकू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात.